किल्ली कुणाकडे आहे?

(सुरक्षा सप्ताहातल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय दिलाय कामाच्या जागी प्रथमोपचार आणि सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, याचं ट्रेनिंग, पण मला आधी एका किल्लीबद्दल बोलायचंय.

सातपूरला मी ज्या कारखान्यात होतो तिथे प्रेस शॉपच्या भिंतीवर फर्स्ट एडची पेटी होती, तुमच्याकडे आहे तशीच. सेकंड शिफ्ट, रात्रीचे नऊ-सव्वानऊ, आमचा एक फिटर पाना उचलायला वाकला आणि तसाच खाली गेला. सगळे धावलो. एकजण तळपाय चोळतोय, एकाने कॅन्टीनमधून कांदा फोडून आणला, कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, आणि मी त्याच्या तोंडात पाणी घालत होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी! ते श्वासनलिकेत जाऊ शकतं हे माहीतच नव्हतं. मधूनमधून त्याच्या घशातून घरघर यायची, म्हणून आम्ही एकमेकांना सांगत राहिलो, श्वास चालू आहे, चालू आहे. तो श्वास नव्हता हो. हृदय थांबल्यावर काही वेळ असे आचके येतात, हे मला सहा वर्षांनी ट्रेनिंगमध्ये कळलं आणि मी तिथेच मटकन खाली बसलो.

पेटीला कुलूप, किल्ली स्टोअरवाल्याकडे, तो फर्स्ट शिफ्ट करून घरी. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट ज्याच्या नावावर तोही फर्स्ट शिफ्टचा. शेवटी हातोडीने कुलूप तोडलं तर आत वाळलेलं आयोडीन आणि कापूस. अर्थात पेटी वेळेत उघडली असती तरी काय होणार होतं, त्याच्या छातीवर दोन हात पडायला हवे होते आणि आम्ही चौदा जण होतो तिथे. अठ्ठावीस हात. तो गेला. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

आणि कायद्यात नव्हतं असं नाही बरं का, तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ४५ होतं, १५० कामगारांमागे निदान एक पेटी आणि तिचा सर्टिफिकेटवाला माणूस कामाच्या वेळेत कायम हाताशी हवा होता. कामाच्या वेळेत म्हणजे रात्रपाळीतसुद्धा!

ही समोर सीपीआरच्या सरावाची बाहुली आहे ना, हिचं मूळ नॉर्वेचं, १९६० साली आस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणीवाल्याने बनवली, त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी छाती न उघडता बाहेरून दाबून हृदय चालवता येतं हे छापलं होतं. हिच्या चेहऱ्याची गोष्ट फार सुंदर आहे पण... हो हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं.

मग भरभर सांगतो. खांदे हलवून हाक मारा, उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने लगेच सुरू करायचं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, कोपरं सरळ, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमता, म्हणून दोन मिनिटांनी माणूस बदला. एकट्याचं काम नाही हे, म्हणून तर प्रत्येक शिफ्टला चार-पाच जण तयार हवेत. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स गेटवरही येत नाही. शॉक लागलेला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. भाजलं तर वाहतं गार पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, हळद नाही. आणि एकदा शिकून भागत नाही, हात विसरतात, दरवर्षी बाहुलीवर दाबायचंच.

बाकीचं राहू दे. बाहुल्या मागे सतरंजीवर ठेवल्यात. सेकंड शिफ्टवाल्यांनी आधी या, तुम्हाला कामावर जायचंय.