जो रोझेन्थाल यांनी इवो जिमावरच्या अमेरिकी झेंड्याचा तो फोटो कसा काढला

ही काळी वाळू इवो जिमा या जपानी बेटाची. ज्वालामुखीची राख, पाऊल टाकलं की रुततं. दुसऱ्या महायुद्धात, १९ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकी मरीन सैनिक इथं उतरले, आणि त्याच दिवशी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार जो रोझेन्थालही. नजर अधू म्हणून लष्करानं त्यांना नाकारलं होतं.

२३ तारखेला ते बेटावरचा सुरिबाची डोंगर चढले. माथ्यावर सकाळीच एक छोटा झेंडा लागला होता. तो उतरवून आता मोठा लावायचा होता. काठी म्हणून जपान्यांचा पाण्याचा लोखंडी पाइप. रोझेन्थाल अंगानं बुटके. दगड आणि वाळूची पोती रचून ते त्यावर उभे राहिले.

हा त्यांचा कॅमेरा, स्पीड ग्राफिक. मागे फिल्म पॅक, त्यात चार बाय पाच इंचाच्या बारा फिल्म. एक फोटो काढला की कागदाची पट्टी ओढायची, मग ती फिल्म मागे सरकते. शिवाय शटरला दर वेळी नव्यानं चावी द्यायची. तेवढ्यात पाइप उभा राहून गेलेला असतो. म्हणजे मिळणार एकच फोटो. शटर सेकंदाच्या चारशेव्या भागावर, अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, ८ ते ११ च्या मध्ये. डोळ्याच्या कोपऱ्यात पाइप हलताना दिसला. कॅमेरा वळला, बटण दाबलं गेलं.

शेजारीच सार्जंट बिल जेनॉस्ट १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर हेच टिपत होते. त्यांचं हे चित्रण सलग बघा. कुणी थांबत नाही, कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. नऊ दिवसांनी जेनॉस्ट याच बेटावर मारले गेले.

मग झेंड्याचा फोटो मुद्दाम पोझ द्यायला लावून काढला, ही गोष्ट आली कुठून? झेंडा लागल्यावर रोझेन्थाल यांनी मरीनना गोळा करून हा ग्रुप फोटो काढला. फिल्म न धुताच ग्वाम बेटावर गेली. झेंड्याचा मूळ आडवा फोटो कापून उभा केला गेला आणि साडेसतरा तासांच्या आत वर्तमानपत्रांकडे रवाना झाला. रोझेन्थाल यांनी तो पाहिलाही नव्हता. पुढे ते ग्वामला आले तेव्हा कुणीतरी विचारलं, पोझ घेतली होती का? ग्रुप फोटोबद्दलच विचारतायत असं वाटून ते हो म्हणाले. ते ‘हो’ त्यांना जन्मभर चिकटलं.

त्याच वर्षी झेंड्याच्या फोटोला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार. मग ३५ वर्षं सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या वर्तमानपत्रात. निधन २००६ मध्ये. झेंडा उभारणाऱ्या सहांपैकी तिघे त्या लढाईतच गेले.

आता पुन्हा झेंड्याच्या फोटोकडे बघा. पाठी, कोपरं, हेल्मेट. चेहरा एकाचाही नीट नाही. रोझेन्थाल सांगत, पोझ घेतली असती तर माणसं कमी ठेवली असती, माना वळवून चेहरे दाखवले असते. चेहरे नव्हते म्हणूनच सहांपैकी तीन नावं चुकीची लागली. शेवटची चूक दुरुस्त झाली २०१९ मध्ये.