बँकॉकमध्ये रस्ता सोडा, पाणी धरा

(दृश्य : प्रतुनामचा धक्का. सकाळचे आठ. काळपट पाणी, पलीकडे इमारतींच्या मागच्या बाजू.)

आधी आवाज येतो. पुलाखालून इंजिनाची घरघर. मग पायाखालचा धक्का हलतो आणि मग बोट दिसते : लांबलचक, बुटकी, दोन्ही कडांना ताडपत्री. ती टेकते न टेकते तोच लोक उतरायला आणि चढायला लागतात. दोर धरा, कडेवर पाय द्या, आत उतरा. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला इथे काही शिकवावं लागत नाही. उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि दारात रेंगाळायचं नाही. अर्ध्या मिनिटात बोट निघालेली असते.

हा ख्लोंग सेन सेप. ख्लोंग म्हणजे कालवा. 1837 साली, राजा तिसरा राम याच्या राजवटीत तो खणायला घेतला, कारण पूर्वेला कंबोडियाच्या भूमीवर व्हिएतनामशी लढाई चालू होती आणि सैन्य, रसद तिकडे न्यायला पाण्याची वाट हवी होती. आज त्याच वाटेनं बँकेतले कारकून, कॉलेजातली मुलं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका जातात.

तिकीट देणाऱ्या माणसाकडे बघा. तो बोटीच्या आत नाही, बाहेर आहे. वीतभर रुंदीच्या कडेवर उभा, एका हातानं दोर धरलेला, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट पुलांसाठी. पूल इतके खाली आहेत की प्रत्येक पुलाला त्याला वाकावं लागतं. वाकल्या वाकल्याच तो तुमच्या हातातली नाणी घेतो, तिकीट फाडून देतो आणि पुढे सरकतो. साधारण दहा ते वीस-बावीस बाट. बाट म्हणजे आपल्या तीन रुपयांच्या थोडं आत-बाहेर. सुटे पैसे मुठीत तयार ठेवा. हजाराची नोट पुढे केलीत तर त्याचं काम अडतं.

कडेला बसलात तर ताडपत्रीचा दोर तुमच्या हाताशी असेल. समोरून दुसरी बोट आली की तो खाली ओढायचा, म्हणजे ताडपत्री वर चढते आणि पाणी अंगावर येत नाही. कुणी सांगत नाही, सगळे ओढतात. पाणी घाण आहे, तेव्हा तोंड मिटून बसा.

पहिल्यांदा आईला घेऊन आले तेव्हा आम्ही याच भागात, प्रतुनामला राहिलो होतो. आपल्याकडचे बरेच प्रवासी इथेच उतरतात, कारण बाजार जवळ आणि भारतीय जेवण दारात. राजवाडा बघायला आम्ही टॅक्सी केली आणि दीड तास त्या टॅक्सीत बसून राहिलो. आईचे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या दारावरच्या माणसानं कालव्याकडे हात केला. शेवटच्या धक्क्याला, फान फाला, आम्ही पंधरा-वीस मिनिटांत पोचलो. तिथून जुनं शहर सुरू होतं. या शहरात काय बघायचं हे तुम्हाला कुणीही सांगेल. कसं जायचं हे नीट ठरवलंत तर तुमच्या पाच दिवसांतला एक दिवस वाचेल, म्हणून मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

(दृश्य : चाओ फ्राया नदी. साथोर्नचा धक्का. नारिंगी झेंड्याची बोट.)

कालव्यानंतर नदी. आकाशगाडी, म्हणजे 1999 साली सुरू झालेली, खांबांवरून धावणारी बीटीएस रेल्वे, साफान ताक्सिन स्टेशनला अगदी नदीवर येऊन थांबते. जिना उतरलं की धक्का. इथे दोन प्रकारच्या बोटी लागतात आणि फसगत इथेच होते. फसवणूक नाही म्हणणार मी, पण निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट महाग असते आणि परदेशी चेहरा दिसला की तिकडेच हात दाखवतात. तुम्ही नारिंगी झेंडा शोधा. मी शेवटची गेले तेव्हा कुठेही उतरा, सोळा बाट होते. गर्दी असते, उभं राहावं लागतं, पण बोट तीच नदी कापत जाते.

बोटीत एक जागा भिक्खूंसाठी राखलेली असते. भगवी चीवरं घातलेले भिक्खू तिथे बसतात. बायकांनी त्यांना स्पर्श होऊ द्यायचा नाही, शेजारी बसायचं नाही, काही द्यायचं झालं तर हातात न देता खाली ठेवायचं. त्यात कुणाचा अपमान नसतो, तो त्यांच्या व्रताचा नियम आहे.

था तिएन धक्क्यावर उतरलं की वात फो. देवळाला इथे वात म्हणतात. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून आलेला शब्द. आपला वाडा त्याच कुळातला. आत पहुडलेला बुद्ध आहे, 46 मीटर लांब. त्याच्या पाठीमागच्या बाजूनं चालत गेलं की 108 कांस्यपात्रांची ओळ लागते. दारात सुट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. सगळ्या सभागृहात तो टणटण आवाज भरून राहिलेला असतो. आईनं 108 नाणी टाकली. एकही पात्र चुकू नये म्हणून ती मोजत होती, आणि ओठ हलताना मी पाहिले, ती जप करत होती.

समोरच्या तीरावर वात अरुण. अरुण, सूर्याचा सारथी, तोच. शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून फुलं केली आहेत. जवळ जाऊन बघा, बश्यांच्या कडा ओळखू येतात. पलीकडे न्यायला छोटी होडी असते, पाच बाट. होडीत बसायच्या आधी पाण्याची बाटली घ्या, कारण त्या तीरावर सावली कमी आहे.

(दृश्य : राजवाड्याची पांढरी भिंत. गर्दी. टुकटुकची, म्हणजे इथल्या रिक्षांची, रांग.)

आता एक इशारा. तो मनावर घ्या.

राजवाड्याच्या भिंतीजवळ एक माणूस भेटेल. नीटनेटका, इंग्रजी चांगलं, बोलणं आर्जवी. तो सांगेल, आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल. तोपर्यंत वीस बाटमध्ये टुकटुक तुम्हाला तीन देवळं दाखवेल. टुकटुक खरंच वीस बाटमध्ये नेते. एखादं देऊळही दाखवते. मग ती एका रत्नांच्या दुकानात नेते, आणि तिथे सांगतात की सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे, हे माणिक भारतात दुप्पट भावानं जाईल. आमच्यासोबत असं झालं. आई उठून बाहेर आली म्हणून आम्ही वाचलो. शेजारच्या टेबलावर एक नवं लग्न झालेलं जोडपं पैसे मोजत होतं, आणि त्यांना अडवायचं धाडस मला झालं नाही. ते अजून मनात आहे, म्हणून इथे सांगते.

राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद होतं. काही मोजके राजसमारंभ सोडले तर तो बंद नसतो. बंद आहे की नाही हे फक्त दारावरच्या गणवेशातल्या माणसाला विचारा. आणि गडबड झालीच तर पर्यटक पोलिसांचा नंबर आहे 1155. इंग्रजीत बोलतात.

तिकीट परदेशी माणसाला 500 बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि घट्ट लेगिंग चालत नाहीत. साधा पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. आत गेल्यावर बहुतेक लोक पाचूच्या बुद्धासमोर गर्दी करतात. मूर्ती खरं तर पाचूची नाही, जेड किंवा जास्पर जातीच्या हिरव्या दगडाची आहे, आणि वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो. ते बघाच. पण भोवतीची ओवरी सोडू नका. तिथे 178 चित्रांत अख्खं रामायण आहे. इथलं नाव रामकियन. राम म्हणजे फ्रा राम, सीता म्हणजे नांग सीदा, आणि रावण म्हणजे थोत्सकान, आपला दशकंठ. पांढराशुभ्र हनुमान एका भिंतीवर रामाचा मंडप तोंडात घेऊन राखण करतो आहे. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, त्याची मत्स्यकन्येशी प्रेमकथा आहे, हे आईला पटेना. दोन तास ती त्या ओवरीत होती. सोन्यानं मढवलेला राजवाडा तिनं दहा मिनिटांत आटपला.

(दृश्य : गल्लीतली हातगाडी. पिवळं पताकं, त्यावर लाल अक्षर.)

जेवणाचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि उत्तर अर्धवट दिलं जातं. शाकाहारी मिळतं का? मिळतं, पण 'व्हेज' म्हणालात तर मांस काढून टाकतील आणि माशाचा रस तसाच राहील. तो रस, नाम प्ला, इथे मिठासारखा पडतो. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सोम तामात, वाळवलेली कोळंबीही असते.

हे पिवळं पताकं ओळखून ठेवा. त्यावर लाल रंगात इंग्रजी 17 सारखं दिसणारं अक्षर असतं. त्याचा उच्चार 'जे'. 'जे' म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आमची फेरी चातुर्मासातली होती. आई कांदा-लसूण खात नाही म्हणून मी डब्यात खाकरे आणि मेतकूट भरून आणलं होतं, आणि या गाडीवाल्या बाईनं तिला टोफू, मशरूम, कोवळी मक्याची कणसं घालून गरम भाताची थाळी दिली. मेतकूट परत पुण्याला गेलं.

पताकं नसेल तिथे दोन वाक्यं पाठ करा. 'किन जे', मी जे खाते. आणि 'माय साय नाम प्ला', माशाचा रस घालू नका. बाईनं बोलताना शेवटी 'खा' म्हणायचं, पुरुषानं 'ख्राप'. तेवढं शेपूट लावलंत की समोरचा चेहरा उजळतो. तिखट नको असेल तर 'माय फेत'. आपण कोल्हापूरचे आहोत म्हणून हे वाक्य सोडू नका, इथली बारकी मिरची वेगळी आहे.

बर्फाची भीती वाटते अनेकांना. मधे भोक असलेल्या नळीसारखा बर्फ कारखान्यातून येतो, तो चालतो. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

(दृश्य : सुखुमवित रस्ता, वरून.)

काही गोष्टी भराभर सांगते. पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड भरायचं असतं, मे 2025 पासून. ते फुकट आहे; पैसे मागणारी साइट बनावट समजा. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवरच बघा. सुवर्णभूमी विमानतळावर पैसे बदलायचे तर तळघरात, रेल्वेच्या दाराजवळच्या खिडक्यांवर. वरच्या मजल्यापेक्षा तिथे भाव चांगला मिळतो. त्याच रेल्वेनं फाया थायपर्यंत या, अर्धा तास. टॅक्सीत बसलात तर दार लावायच्या आधी 'मीटर' म्हणा. नाही म्हणाला तर पुढची बघा. टुकटुकचं भाडं आधी ठरवा. ई-सिगारेट आणू नका, इथे तो गुन्हा आहे. राजाबद्दल हलकं बोलू नका, त्यासाठी तुरुंगवास आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून खाली पडलेली नोट पायानं अडवू नका. झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतील असं धरून चालू नका, वरच्या पुलावरून जा.

पत्ता शोधताना सोई लक्षात ठेवा. सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली गल्ली. एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम, पण ते समोरासमोर येत नाहीत. सुखुमवितवर 55 नंबरच्या सोईसमोर 38 नंबर आहे. चुकीच्या बाजूला उतरलात तर उन्हात मैलभर चालणं होतं.

आणि ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. एप्रिल सगळ्यात तापतो. त्यातच 13 ते 15 तारखेला सोंगक्रान, म्हणजे आपली संक्रांत, पण इथे मेषेची. त्या तीन दिवसांत पाणी उडवून घ्यायची तयारी असेल तरच बाहेर पडा, आणि फोन प्लॅस्टिकमध्ये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोराचा. हे शहर समुद्रापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच आहे, त्यामुळे तासाभरात सोयांमध्ये पाणी भरतं. तेव्हा हॉटेल स्टेशनजवळचं घ्या, दोनशे रुपये जास्त पडले तरी.

(दृश्य : लुंफिनी बाग. संध्याकाळ.)

शेवटची संध्याकाळ या बागेसाठी ठेवा. लुंबिनी, बुद्धाचं जन्मस्थान, त्यावरून नाव. तळ्याकाठी घोरपडी फिरतात, माणसाएवढ्या लांब. त्यांना खायला घालू नका आणि वाट अडवू नका, त्या आपल्या वाटेनं जातात. आई बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होती. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती तिनं शाळेत शिकवली होती, खरी घोरपड इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होती.

सहा वाजले. कर्ण्यांतून राष्ट्रगीत सुरू झालं. पळणारे जागच्या जागी थांबले, सायकलवरची मुलगी एक पाय टेकून उभी राहिली. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला असं होतं, तुम्हीही थांबा. आई काठी टेकत बाकावरून उठली आणि सरळ उभी राहिली. सगळी बाग स्तब्ध होती. फक्त ती घोरपड गवतातून चालत काठाशी गेली आणि आवाज न करता पाण्यात उतरली.