भिंगाशिवायचा सूक्ष्मदर्शक: एर्विन म्युलर

(काळा पडदा. त्यावर हळूहळू ठिपक्यांची वर्तुळं उमटतात.)

हे ठिपके नीट बघा. यातला एकेक ठिपका म्हणजे टंगस्टनचा एकेक अणू. ना हे संगणकावर रंगवलेलं चित्र, ना कुणा चित्रकाराची कल्पना. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत, दोघांनी असे सुटे सुटे अणू पहिल्यांदा पाहिले. एक होते बर्लिनहून आलेले प्राध्यापक एर्विन म्युलर. दुसरे त्यांचे भारतीय विद्यार्थी, कंवर बहादूर.

ज्या उपकरणातून ते पाहिले, त्यात भिंग नव्हतं. एकही नाही.

(बर्लिनची जुनी छायाचित्रं)

म्युलर यांचा जन्म १९११ चा, बर्लिनमधला. तिथल्याच तांत्रिक विद्यापीठात ते गुस्ताव हेर्ट्झ यांच्या हाताखाली शिकले. हेर्ट्झ नोबेल मिळवलेले, पण घराण्याचं मूळ ज्यू. नाझी सत्तेवर आले आणि त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ते सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. पंचविशीतले म्युलरही तिथेच कामाला लागले, आणि १९३६ साली त्यांनी पहिलं उपकरण उभं केलं: फील्ड एमिशन मायक्रोस्कोप.

त्यातली मांडणी ऐकली की वाटतं, एवढंच? टंगस्टनची बारीक तार घ्यायची आणि रसायनात झिजवत झिजवत तिला टोक काढायचं. हे टोक इतकं बारीक की आपल्या केसाची जाडी त्याच्या शेकडो पट भरेल. तार निर्वात नळीत बसवायची, समोर चमकणारा पडदा ठेवायचा आणि टोकाला काही हजार व्होल्टचा ऋण विद्युतदाब द्यायचा. टोक जितकं अणकुचीदार, तितकं तिथलं विद्युतक्षेत्र तीव्र. त्या जोरानं धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर खेचले जातात आणि सरळ रेषेत चहूकडे फाकत पडद्यावर आदळतात. टोकाचा पृष्ठभाग पडद्यावर लाखो पट मोठा होऊन उमटतो. म्हणजे बघायची वस्तूही सुई, आणि मोठं करून दाखवणारीही सुईच.

पण अणू काही दिसेनात. इलेक्ट्रॉन निघताना थोडे आडवे सरकतात, त्यामुळे चित्र पसरट येतं. हे कोडं सुटायला जवळपास वीस वर्षं गेली, आणि मधे एक महायुद्धही होऊन गेलं.

सुटका झाली ती तारा उलट्या जोडून. १९४१ मध्ये म्युलर यांनी टोकाला धन दाब दिला, तेव्हा टोकावर चिकटलेले अणूच सुटून निघाले. १९५१ मध्ये, बर्लिनमध्येच, त्यांनी नळीत थोडा हायड्रोजन सोडला. आता चित्र काढण्याचं काम इलेक्ट्रॉनऐवजी वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करू लागले. फील्ड आयन मायक्रोस्कोप जन्माला आला. तरी चित्र धूसरच.

पुढच्याच वर्षी म्युलर अमेरिकेत गेले. तिथे हायड्रोजनच्या जागी हेलियम आला. मुख्य म्हणजे सुई द्रवरूप वायूनं कमालीची थंड केली गेली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली खरी किल्ली हीच. हेलियमचा अणू टोकावर आला की आधी त्याची धावपळ थंडीनं शमते. मग टोकावरच्या एखाद्या वर आलेल्या अणूपाशी तो आपला इलेक्ट्रॉन गमावतो, धनभारित होतो आणि पडद्याकडे फेकला जातो. आडवं भरकटणं जवळजवळ संपलं, आणि ठिपके सुटे झाले.

(चित्र जवळून)

ही वर्तुळं कसली? डोंगरउतारावरची भातखाचरं विमानातून पाहिली तर फक्त बांधांच्या रेषा डोळ्यांत भरतात ना, तसंच. सुईचं गोलसर टोक अणूंच्या पायऱ्यापायऱ्यांनी बनलेलं असतं. पायरीच्या कडेला क्षेत्र जास्त तीव्र, म्हणून कडेचे अणूच उजळतात. टोक खडबडीत असेल तर विद्युतदाब थोडा वाढवायचा. वर आलेले अणू आपोआप उडून जातात, टोक स्वतःच साफ होतं.

उपकरणाला मर्यादाही कडक होत्या. इतकी ओढ सोसणारे धातू मोजकेच: टंगस्टन, इरिडियम, प्लॅटिनम. जीवशास्त्रज्ञांच्या नाजूक रेणूंचा त्यात निभाव लागणं अवघड.

आणि अणू दिसला, तरी तो कुठल्या मूलद्रव्याचा हे कळत नव्हतं. त्यावरही म्युलर यांनी तोड काढली. १९६७ च्या सुमाराला, जॉन पॅनिट्झ आणि ब्रूक्स मॅक्लेन यांच्या साथीनं त्यांनी पडद्याला भोक पाडलं. हवा तो अणू त्या भोकासमोर आणायचा, दाबाचा झटका देऊन सुईवरून उडवायचा आणि पलीकडे पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. हलका अणू आधी पोचतो, जड नंतर. वेळेवरून वजन, वजनावरून ओळख. हाच ॲटम प्रोब.

१९७७ च्या मे महिन्यात म्युलर वारले. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना त्यांच्या पश्चात मिळालं. सूक्ष्मदर्शकांसाठीचं नोबेल १९८६ मध्ये रुस्का, बिनिग आणि रोरर यांना गेलं, आणि ते योग्यच होतं. पण नोबेल मरणोत्तर देत नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत म्युलर हे नाव सहसा सापडत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं.

(आयआयटी मद्रासचं प्रवेशद्वार)

ॲटम प्रोब मात्र जोरात चालू आहे. चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. पोलादात कार्बन कुठे साचलाय, मिश्रधातूच्या कणांच्या सीमेवर कुठलं मूलद्रव्य गोळा झालंय, हे आता अणूगणिक, तिन्ही मितींत मांडता येतं. यंत्रं बदलली, संगणक आले, लेझर आले. नमुना तेवढा आजही सुईच्या टोकासारखाच घडवावा लागतो.