पासवर्ड टाइप होतो तेव्हा

[दृश्य: कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं पहिल्या मजल्यावरचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. काळा पडदा, त्यावर एकच ओळ: 'पासवर्ड'.]

राजारामपुरीत आता क्लासच्या पाट्यांच्या शेजारी सॉफ्टवेअरच्या पाट्याही लागल्यात. तिथं नव्यानं कामाला लागलेली पोरं पहिल्या काही दिवसांत हमखास विचारतात, "सर, कीबोर्ड बंद पडलाय काय?" लिनक्सनं (संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीनं) पासवर्ड मागितलेला असतो, पोरगं टाइप करत असतं आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. कर्सरसुद्धा जागचा हलत नाही.

कीबोर्ड धडधाकट असतो. कळ दाबली की अक्षर आधी कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे जातं. तिथला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) सांभाळणारा ड्रायव्हर ते प्रोग्रामसाठी राखून ठेवतो आणि आपल्याला दिसावं म्हणून पडद्याकडेही धाडतो. याला इको म्हणतात. पासवर्ड मागणारा प्रोग्राम कर्नलला एवढंच सांगतो, की ही एक ओळ होईपर्यंत इको बंद ठेव.

[दृश्य: टेलिटाइप यंत्र, कागदाचा रोल.]

ही गरज पडद्याच्याही आधीची. टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टाइपरायटरसारख्या यंत्रावर, प्रत्येक अक्षर कागदावर छापलं जायचं आणि तो कागद मागं राहायचा. काही यंत्रं तर कळ दाबताच स्वतःच अक्षर उमटवायची, म्हणजे संगणकानं इको बंद करूनही उपयोग नाही. अशा यंत्रांसाठी मल्टिक्स ही जुनी संगणक प्रणाली आधी एकाच जागी अक्षरांवर अक्षरं छापून काळा पट्टा तयार करायची आणि माणूस त्या पट्ट्यावर पासवर्ड टाइप करायचा. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं.

१९७९ च्या युनिक्स या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत या कामासाठी 'गेटपास' हे फंक्शन (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार तुकडा) आलं. ते आठच अक्षरं घ्यायचं. पुढं २००१ च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणातून ते वगळलं गेलं आणि आज लिनक्सची माहितीपुस्तिका ते वापरू नका असं स्पष्ट सांगते. ओपनबीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीनं त्याच्या जागी 'रीडपासफ्रेज' दिलं. पायथनमध्ये गेटपास याच नावाचं वेगळं, वापरण्याजोगं मॉड्यूल आहे. तयार साधन असताना हे काम स्वतः हातानं लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण अडचणी नेहमीच्या वाटेबाहेरच्या प्रसंगांत येतात. माणसानं मधेच कंट्रोल-सी दाबलं तर? प्रोग्राम संपतो, इको बंदच राहू शकतो आणि मग पुढची प्रत्येक कमांड आंधळेपणानं टाइप करावी लागते. तेव्हा न दिसणाऱ्या अक्षरांत 'एसटीटीवाय सेन' (stty sane) लिहून एंटर मारायचं, टर्मिनल ताळ्यावर येतं. चांगला प्रोग्राम ही वेळ येऊ देत नाही. तो आधीची सेटिंग जपून ठेवतो, सिग्नल (कंट्रोल-सीसारखी थांबण्याची सूचना) आला तरी ती परत लावतो आणि मगच निघतो. शिवाय प्रोग्रामला दुसऱ्या फाइलमधून डेटा येत असेल, तर पासवर्ड त्या वाटेनं वाचायचा नसतो. त्यासाठी 'डेव्ह टीटीवाय' (/dev/tty, टर्मिनलची खास फाइल) उघडायचं, म्हणजे प्रश्न थेट समोर बसलेल्या माणसाला विचारला जातो.

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, काचेच्या केबिनमध्ये हिशेबाचा संगणक.]

उद्यमनगरातल्या एका कारखान्याचा हिशेब रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवर जातो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं पासवर्ड कमांडच्या ओळीतच टाकला होता. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. लिनक्सवर चालू प्रोग्रामची पूर्ण ओळ, वेगळा बंदोबस्त केला नसेल तर, त्या यंत्रावरचा कुणीही 'पीएस' (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारून वाचू शकतो. तीच कमांड कधी हातानं चालवली, तर ती शेलच्या (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासाच्या फाइलमध्येही जाऊन बसते. एकाच सर्व्हरवर हिशेबनीस, स्टोअरकीपर आणि बाहेरचा देखभाल करणारा अशी तिघांची खाती असली, की तो पासवर्ड तिघांचा झाला. रात्री दोनला पासवर्ड टाइप करायला कुणी बसणार नाही, हे खरंच. अशा ठिकाणी फक्त त्या एका खात्याला वाचता येईल अशी फाइल ठेवावी, किंवा एसएसएचची (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाची) किल्ली.

वाचून झालेला पासवर्ड मेमरीत उरतो, हे बरेच जण विसरतात. तो पुसायला साधं 'मेमसेट' (मेमरीतली जागा एकाच मूल्यानं भरणारं फंक्शन) लिहिलं, तर या जागेचा पुढं वापरच नाही असं बघून कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती ओळच काढून टाकू शकतो. म्हणून 'एक्सप्लिसिट बीझीरो' आलं. ते कंपायलर गाळत नाही.

[दृश्य: रात्र. लॅपटॉपवरून दूरच्या सर्व्हरशी जोडणी.]

आता कोल्हापुरातून दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं शिरून तिथं 'सुडू' (प्रशासकाच्या अधिकारानं कमांड चालवणं, त्यासाठी पासवर्ड मागितला जातो) करा. प्रत्येक कळ डेटाच्या स्वतंत्र पाकिटातून जाते. एरवी प्रत्येक पाकिटाला इकोचं उत्तर येतं, पूर्वी पासवर्डच्या वेळी यायचं नाही. वाटेत टपून बसलेल्याला मजकूर उलगडता यायचा नाही, पण उत्तरं थांबली म्हणजे पासवर्ड सुरू झाला, एवढं कळायचं. बर्कलीच्या संशोधकांनी २००१ मध्ये याच्याही पुढं जाऊन दाखवलं, की दोन कळांमधल्या वेळेवरून अक्षरांचा अंदाज बांधणं सोपं होतं. त्यावर पुढं उपाय निघत गेले. २०२३ च्या ओपनएसएसएच (एसएसएचचं सॉफ्टवेअर) ९.५ पासून कळांची पाकिटं ठरावीक अंतरानं, वेगळं सांगितलं नसेल तर दर २० मिलिसेकंदांनी, निघतात आणि टाइप करणं थांबल्यावरही थोडा वेळ खोट्या कळा जात राहतात.