हरणाऱ्याची किंमत

निकाल आधीच ठरलेला असतो, मग कोण मोठा आणि कोण छोटा यावरून लोक एवढे हमरीतुमरीवर का येतात? प्रोफेशनल रेसलिंगवर बोलायला उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, म्हणून आज मीच विचारून टाकतो. निकाल ठरलेला असतो यात आता गुपित काही नाही. १९८९ साली व्हिन्स मॅकमॅहनच्या कंपनीनेच (तेव्हाची WWF, आजची WWE) न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. प्रामाणिकपणाचा झटका आला होता असं समजू नका. खेळ म्हटला की सरकारी आयोगाची देखरेख आली, कर आला. ते त्यांना नको होतं. चाहत्यांचं मात्र काहीच बिघडलं नाही. त्यांची मोजपट्टी मुळात वेगळीच होती.

नवखा माणूस आधी पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदं, मोजतो. रिक फ्लेअर १६ वेळा जगज्जेता. जॉन सीना एप्रिल २०२५ मध्ये १७ वर पोचला. पण १७ वेळा जिंकला म्हणजे किमान १६ वेळा गमावलाही की! ब्रूनो सॅमार्टिनोने मॅकमॅहन घराण्याच्याच न्यू यॉर्कच्या कंपनीचा पट्टा फक्त दोनदा जिंकला, त्यात पहिल्या खेपेला तो त्याच्याकडे २,८०३ दिवस राहिला. मग दोन हा आकडा सतरापेक्षा लहान म्हणायचा का? पट्टा म्हणजे कंपनीने एखाद्यावर टाकलेला भरवसा. तो भरवसा बरोबर होता की नाही, हे खुर्च्यांवर बसलेले लोक ठरवतात.

आणि तेच एक कुणाला लिहून देता येत नाही. मल्ल प्रवेश करतो, त्याचं संगीत वाजतं आणि त्या क्षणी जो एकदम गलका उठतो त्याला चाहते 'पॉप' म्हणतात. खलनायकावर जो राग निघतो ती 'हीट'. दोन्हींपैकी काहीतरी भरपूर मिळत असलं की तो गडी 'ओव्हर' झाला. म्हणजे शिव्या खाणाराही लोकप्रियच. जुलै १९९६ मध्ये डेटोना बीचला हल्क होगन, लहान मुलांचा लाडका नायक, उलटला आणि खलनायकांना जाऊन मिळाला. लोकांनी रिंगमध्ये कचरा भिरकावला. पेले, बाटल्या, हाताला येईल ते. धंद्याच्या हिशेबाने ती त्याच्या आयुष्यातली एक सर्वोत्तम संध्याकाळ होती.

पण हुर्यो हुर्योतही फरक असतो, आणि खरा चाहता कान देऊन तो ओळखतो. जानेवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियात रोमन रेन्सने रॉयल रंबल, म्हणजे तीस मल्लांची झुंज, जिंकली. तो नायक होता, निदान कागदावर. लोक एवढे खवळले, की त्याचा हात उंचावायला खुद्द द रॉक, लोकांचा लाडका मल्ल, आला तरी आवाज खाली बसेना. हा राग रेन्सवर नव्हता, त्याला आमच्या गळ्यात बांधणाऱ्यांवर होता. होगनच्या वेळी लोक गोष्टीत शिरून चिडले होते. इथे ते गोष्टीतून बाहेर पडून चिडले. याच रेन्सला पुढे खलनायक केल्यावर लोकांनी डोक्यावर घेतलं, हेही सांगायला हवं. तिसरी एक हुर्यो असते, तिला 'एक्स-पॅक हीट' म्हणतात: तू हरावास म्हणून नव्हे, तू समोरून जावास म्हणून. तिच्यावर औषध नाही.

आता माझा आवडता दिवस. २९ मार्च १९८७, पॉन्टियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३, म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वात मोठा कार्यक्रम. कंपनी सांगते ९३,१७३ प्रेक्षक. डेव्ह मेल्ट्झर हा पत्रकार म्हणतो साधारण ७८ हजार. त्या पंधरा हजारांवरून माणसं आजही भांडतात, जणू प्रत्येकाने दारात उभं राहून तिकिटं फाडली होती. त्या दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत झाली. सॅव्हेजने तिची एकेक चाल आधी बसवून घेतली होती. मेल्ट्झर लढतींना पाचपैकी तारे देतो, हिला साडेचार. शेवटची लढत होगन आणि आंद्रे द जायंटची. तिला त्याने शून्याच्याही खाली चार तारे दिले!

पण स्टेडियम भरलं होतं ते या दुसऱ्या लढतीसाठी. म्हणजे एकाच छपराखाली दोन तराजू लागले होते. तारे देणारा कारागिरी तोलतो. २०१७ मध्ये टोकियो डोममध्ये ओकाडा आणि केनी ओमेगा लढले, तेव्हा पाचाची मर्यादा मोडून त्याने सहा तारे दिले, पुढच्या वर्षी त्याच जोडीला सात. त्या लढती मी श्वास रोखून पाहिल्यात, तक्रार नाही. पण आंद्रेचं काय मोजणार? पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, कपड्याखाली पाठीला आधार देणारा पट्टा आवळलेला, धड हलता येत नव्हतं. कंपनी त्याचं वजन ५२० पौंड सांगायची. त्याने मनात आणलं नसतं तर होगनच काय, कुणीही त्याला उचलू शकलं नसतं. त्याने उचलू दिलं. होगनचं पुढचं सगळं नाव त्या एका उचलण्यावर उभं आहे.

म्हणून मी तरी मल्लाची किंमत तो हरतो कसा यावरून करतो. समोरच्याला कोण किती मोठा करून गेला, हे तिथे दिसतं. मार्च १९९७, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. ऑस्टिन आत आला तेव्हा खलनायक. हार्टच्या शार्पशूटर या पाय मुरगळणाऱ्या पकडीत अडकलेला, तोंडावर रक्ताचे ओघळ, तरी हार मानेना. शुद्ध हरपली तेव्हा पंचाने लढत थांबवली. जिंकलेला हार्ट हुर्यो घेत बाहेर पडला आणि हरलेला ऑस्टिन जल्लोषात. दोघांचीही ती कमाई होती; मी तर हार्टला जास्त गुण देईन, कारण स्वतःचं नायकपण त्याने समोरच्याच्या पदरात टाकलं.

आणि आवाजाची एवढी चर्चा केली, तर सॅमार्टिनोकडे परत जावंच लागेल. १८ जानेवारी १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. इव्हान कोलॉफने, म्हणजे मुळात कॅनडाच्या पण रशियन म्हणून वावरणाऱ्या गड्याने, त्याला चीत केलं. अख्खं गार्डन गप्प झालं. ना पॉप, ना हीट. सॅमार्टिनो नंतर सांगायचा, की आपल्या कानांना काहीतरी झालं असं त्याला वाटलं होतं. दंगल होईल या धास्तीने कोलॉफला रिंगमध्ये पट्टा दिलाच नाही. आयुष्यातला सर्वात मोठा विजय मिळवून तो रिकाम्या हातांनी आत निघून गेला.