स्देरोतच्या घरातला मलिदा

श्रोतेहो, शालोम आणि नमस्कार. आज मी तुमच्याशी स्देरोत या गावाबद्दल बोलणार आहे, इस्राएलच्या दक्षिणेला, गाझाच्या कुंपणापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर आहे ते. २०१८ च्या डिसेंबरात, हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणात, आम्ही ठाण्याची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी तिथे गेलो होतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आमचा समाज ठाऊक असेल, आम्ही मूळचे कोकणातले, अलिबागजवळच्या नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं आमच्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात, तेलाच्या घाण्यावर शनिवारी काम बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आता आमची निम्म्याहून जास्त माणसं इस्राएलमध्ये आहेत, अश्दोद, बेरशेवा, दिमोना, सगळी दक्षिणेकडची गावं, आणि म्हणून गाझातून रॉकेट आलं की पहिला फोन तिकडून ठाण्याला नाहीतर ठाण्याहून तिकडे जातो.

माझी मावशी अश्दोदला असते. तिची मुलगी लग्न होऊन स्देरोतला गेली. २०१८ च्या १२ आणि १३ नोव्हेंबरला दोन दिवसांत साडेचारशेच्या वर रॉकेटं आली, तेव्हा मावशीने एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याला, नवस बोलला की लेक-नातवंडं सुखरूप राहिली तर त्यांच्याच घरी मलिदा, म्हणजे पोह्यांचं ताट मांडून करतात ती नवसाची प्रार्थना, करीन. त्यामुळे आमची यात्रा जेरुसलेमची असली तरी आम्ही वाट वाकडी करून स्देरोतला गेलो, आणि मुक्कामाला गेलो, हे मुद्दाम सांगते.

कारण तिथे बऱ्याच टूर येतात, धार्मिक मंडळींच्या तर खूपच, ज्यूंच्या पण आणि ख्रिश्चनांच्या पण. बस थांबते, पडलेल्या रॉकेटांचे तुकडे पोलीस स्टेशनच्या मागे तारखा घालून मांडून ठेवले होते ते बघायचे, साधा लोखंडी पाइप असतो हो तो, आत साखर आणि खत मिसळून केलेलं इंधन, फोटो काढायचे, एक प्रार्थना म्हणायची आणि पुढे निघायचं. येशिवाच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेच्या गच्चीवर त्याच रॉकेटांपासून बनवलेला मोठा मेनोरा, म्हणजे हनुक्काची समई आहे, तोही दाखवतात. मी कुणाच्या भक्तीवर शंका घेत नाहीये, पण माझ्या मते समाचाराला जायचं तर माणसाच्या घरात जाऊन बसायचं असतं. बसच्या काचेतून समाचार होत नाही.

तर त्या घराबद्दल सांगते. आता बहुतेक घरांत एक ममाद असतो, म्हणजे काँक्रीटच्या जाड भिंतींची खोली, खिडकीला लोखंडी झडप, दार बँकेच्या तिजोरीसारखं जड. स्देरोतमध्ये पोरं रोज तिथेच झोपतात. रॉकेट सुटलं की लाउडस्पीकरवर एका बाईचा आवाज येतो, "त्झेवा अदोम, त्झेवा अदोम", लाल रंग, लाल रंग, आणि तिथून पुढे १५ सेकंद. अश्दोदला निदान ४५ तरी मिळतात. १५ सेकंद म्हणजे किती ते बघा, गॅस बंद करायचा, बाथरूममधलं पोर साबणासकट तसंच उचलायचं, आजीला खुर्चीतून उठवून हाताला धरायचं, पॅसेज ओलांडून आत शिरायचं, ते दार ओढून घ्यायचं, हँडल दाबायचं, आणि मी हे वाक्य सुरू केल्यापासून आत्तापर्यंत जेवढा वेळ गेला ना, तेवढ्यात हे सगळं उरकायला हवं.

मावशीच्या मुलीने मलिद्याचं ताट ममादमध्येच मांडलं होतं. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, खजूर, आणि बाजूला पोरांच्या बंक बेडवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. मावशी चिडली, म्हणाली अगं नवसाचं ताट हॉलमध्ये मांडायचं, सगळ्यांना दिसेल असं. तर ती म्हणाली, आई, मध्येच सायरन झाला तर प्रार्थना अर्धवट सोडून पळायचं का, इथे बसलो म्हणजे कुणाला उठावं लागणार नाही. मावशी गप्प झाली. मग दहा पुरुष त्या छोट्याशा खोलीत दाटीवाटीने उभे राहिले, आम्ही बायका पॅसेजमध्ये, दार सताड उघडं, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू झालं त्याच चालीत जी मी लहानपणापासून ऐकत आले. माझं लक्ष मात्र सारखं त्या दाराकडे, मनात हिशोब चाललेला की आम्ही बाहेर एवढ्या जणी, आत मावणार कशा. शेजारची मोरोक्कोहून आलेली आजी होती, तिला मराठीचा गंध नाही, तिने माझा हात धरून ठेवला आणि सुरात सूर मिसळला.

त्या दिवशी सायरन झाला नाही.

स्देरोत तसं कष्टकऱ्यांचं गाव. १९५१ मध्ये बाहेरून आलेल्या ज्यूंची छावणी म्हणून सुरू झालं, आधी इराण-कुर्दिस्तानचे लोक, मग मोरोक्कोचे, मग इथिओपिया आणि रशियाकडचे. रॉकेटं २००१ पासून. बागेत मुलांना शिरायला काँक्रीटचा रंगीत सुरवंट आहे, बस स्टॉपसुद्धा काँक्रीटचे. २०११ पासून आयर्न डोम, म्हणजे रॉकेट हवेतच पाडणारं यंत्र, आलं, त्याने खूप वाचवलं, पण पोरांची झोप ते परत देऊ शकलं नाही, रात्री अंथरूण ओलं करणारी दहा-बारा वर्षांची मुलं आहेत तिथे आणि त्यांच्या आया हे दबक्या आवाजात सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. समोर गाझातलं बेत हनून दिसत होतं, घरं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या. तिथे ना सायरन, ना ममाद. नोव्हेंबरच्या त्या दोन दिवसांत तिकडेही हवाई हल्ल्यांत माणसं मेली होती. आणि इकडे इस्राएलच्या अश्कलोन शहरात ज्या बिल्डिंगवर रॉकेट पडलं त्यात मेलेला माणूस हेब्रोनजवळच्या हलहूलचा पॅलेस्टिनी कामगार होता, पोटासाठी आलेला. आमच्यातल्या एका काकांनी तेहिलीममधलं, म्हणजे आमच्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, १२१ वं स्तोत्र म्हटलं आणि मग त्या कामगारासाठी, आणि कुंपणापलीकडच्या लेकरांसाठीही मागणं मागितलं. दोघातिघांना ते आवडलं नाही, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मला ते पटलं आणि आजही पटतं. स्देरोतमध्येच "दुसरा आवाज" नावाचा रहिवाशांचा गट आहे, ते रॉकेटं अंगावर घेत असतानाही गाझातल्या ओळखीच्यांना फोन करत आले, तर आपण पाहुण्यांनी तेवढं मागायला काय हरकत आहे?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचे बंदूकधारी गावात शिरले. मृत समुद्राच्या सहलीला निघालेली म्हातारी माणसं बस स्टॉपवर मारली गेली. ज्या पोलीस स्टेशनच्या मागे ते तुकडे ठेवले होते तिथे लढाई झाली आणि नंतर ती इमारतच पाडावी लागली. गाव रिकामं झालं, माझी मावसबहीण पोरांना घेऊन कित्येक महिने हॉटेलच्या खोलीत राहिली, मग परत आली. आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो, हजारो माणसं गेली, ते टेकडीवरून दिसणारं बेत हनून जवळपास जमीनदोस्त झालं. या दोन्ही गोष्टी मी एका श्वासात बोलते म्हणून घरच्यांचाही राग ओढवून घेतलाय, असो.

बहिणीला मी विचारलं होतं की आम्ही इथून काय पाठवू, देणगी, औषधं, काय हवं. म्हणाली काही पाठवू नका, या आणि राहा, पोरांना कळू दे आपली माणसं आहेत. म्हणून ठाण्यात आमचं पुन्हा ठरतंय. ज्यांना यायचंय त्यांनी सिनेगॉगमध्ये नाव द्या, गुडघे दुखतात म्हणून मागे राहू नका, ममादलगतची खोली म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवणार आहे ती, आणि मलिद्यासाठी पोहे मात्र आपले इथले घेऊन या असं बजावलंय.