लग्न नक्की लावतं कोण?

नमस्कार मंडळी. आजचा प्रश्न अगदी साधा, लग्न लावतं कोण? तुम्ही म्हणाल हा काय प्रश्न झाला, भटजी लावतात, काझी लावतात, चर्चमध्ये फादर, नाहीतर रजिस्ट्रार साहेब. पण कायद्याला विचारलं ना, तर देश बदलला की उत्तर बदलतं, आणि कधीकधी तर कायदा म्हणतो, कुणी कशाला पाहिजे, तुमचं तुम्हीच लावा!

फ्रान्स घ्या. तिथे कायद्याचं लग्न म्हणजे नगरपालिकेत, मेयर नाहीतर त्याच्या डेप्युटीसमोर. चर्चमधलं त्याच्यानंतर, हौस असेल तर. आणि एखादा पाद्री हे उरकायच्या आधीच धार्मिक लग्नं लावायचा धंदाच करून बसला तर सहा महिन्यांपर्यंत जेल.

याच्या उलट जुनं स्कॉटलंड. त्याची गोष्ट मला फार आवडते. झालं असं, १७५३ मध्ये इंग्लंडने कायदा केला की लग्न चर्चमध्येच आणि पाद्र्याच्याच हातून, क्वेकर (पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू लोकांना तेवढी सूट, शिवाय मुलगा-मुलगी २१ च्या आतली असतील तर आईबापाची संमती हवी. पण स्कॉटलंडला हा कायदा लागूच नव्हता, तिथे दोन साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको असं म्हटलं की झालं. मग काय, पळालेली जोडपी घोडागाडी दामटत बॉर्डर ओलांडणार, लागलीच ग्रेटना ग्रीन गाव, तिथला लोहार ऐरणीवर हातोडा हाणणार की लागलं लग्न! त्या लोहाराला खास अधिकार वगैरे काही नव्हता हं, त्याच्या जागी कुणीही चाललं असतं. १९४० पर्यंत चालू होतं हे.

अमेरिकेत कोलोरॅडोत आजही जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं. पेनसिल्व्हेनियात क्वेकर पद्धतीचं लायसन्स मिळतं, लावणारा नाही, नुसत्या दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि त्याच पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये एका कोर्टाने एक लग्न रद्द ठरवलं, कारण लग्न लावणारा इंटरनेटवरून पाद्री झालेला! म्हणजे कुणीच नसलं तर चालतं, पण चुकीचा माणूस उभा राहिला की पंचाईत.

बरं आपल्याकडे? १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, त्यात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार समोर लागतात, पण मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते, हे वाक्य म्हणायचं असतं वधूवरांनीच. आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कलम ७ काढून बघा, दोघांपैकी एकाच्या घरच्या रूढीप्रमाणे विधी करा, त्यात सप्तपदी असेल तर दोघांनी मिळून सातवं पाऊल टाकलं की लग्न पूर्ण. भटजींचा त्या कलमात उल्लेखच नाही. आणि गंमत म्हणजे महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करायला गेलात की फॉर्मवर पुरोहिताच्या सहीची जागा असतेच, तेव्हा दक्षिणा देतानाच सही घेऊन टाका, नंतर सापडत नाहीत ते.